विशेषनामांचे अनेकवचन

'बेंद्रे धारवाडास साधनकेरीत राहत असत,' या वाक्यात बेंद्रे किती? मराठी माणूस सांगेल, एकच. १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक लाभलेले कविवर्य द. रा. बेंद्रे. येथील अनेकवचन आदराचे आहे. कानडीतही 'अवरु' लावून असाच मान देतात. इंग्रजीतील अनेकवचन मात्र केवळ संख्या सांगते. म्हणून 'जोशी आले' हे वाक्य इंग्रजीत नेताना जोशी एकटे आले की सहकुटुंब, हे आधी ठरवावे लागते.

सहकुटुंब आले असल्यास आडनावापुढे एस् हे अक्षर जोडावे: जोशीज्, देसाईज्, कुलकर्णीज्. नावाच्या शेवटी स, श, झ किंवा च यांचा ध्वनी असेल, तर ई-एस् जोडावे: जोन्सेस्, घोषेस्. वर्गात दोन गिरीश असतील, तर ते गिरीशेस्. मूळ नावाचे स्पेलिंग मात्र मोडू नये. 'लेडी' या शब्दातील अंत्य वाय् अनेकवचनात बदलतो. 'केनेडी' या आडनावातील वाय् कायम राहतो.

दारावरील पाट्यांत पुष्कळदा या एस् पूर्वी अपॉस्ट्रॉफी घातलेली दिसते. तिने अनेकवचन न होता षष्ठी होते. चिन्ह एस् च्या अलीकडे असेल तर घर एका जोशींचे, पलीकडे असेल तर अनेक जोश्यांचे. वाटणीपत्रात हा भेद क्षुल्लक नव्हे.

मान द्यावयाचा असल्यास इंग्रजीत नावाआधी मिस्टर किंवा डॉक्टर लावावे; एस् संख्येसाठीच राखून ठेवावा.