चरबीची गाठ : काढावी की राहू द्यावी?

त्वचेखाली चरबीच्या पेशी वाढून मऊ गाठ तयार होते, तिला लायपोमा म्हणतात. मान, खांदे, पाठ, दंड आणि मांड्या या तिच्या नेहमीच्या जागा. चाळिशी ते साठी या वयात ती अधिक आढळते. बोटाने दाबली की ती सरकते, सहसा दुखत नाही आणि वर्षानुवर्षे जेमतेम वाढते. बहुतेक गाठी ५ सेंटिमीटरच्या आतच राहतात.

ती का होते, याचे पुरते उत्तर नाही. काही घराण्यांत एकेकाच्या अंगावर अशा कितीतरी गाठी असतात, त्यामुळे आनुवंशिकतेचा हात उघड आहे. लठ्ठ माणसालाच ती होते हा मात्र गैरसमज. सडपातळ माणसालाही होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मेदोज ग्रंथीचे, म्हणजे मेदापासून झालेल्या गाठीचे, वर्णन आहे आणि शरीराबरोबर ती वाढते-घटते असे तिथे म्हटले आहे. लायपोमाचा अनुभव वेगळा आहे. वजन उतरले तरी ही गाठ जागची हलत नाही. चोळून, शेकून किंवा लेप लावूनही ती विरघळत नाही.

ती बहुधा निरुपद्रवी असते, म्हणून काढलीच पाहिजे असे नाही. पण ती चरबीचीच आहे हे आधी ठरायला हवे. मध्यभागी काळा ठिपका असेल तर ती त्वचेची पुटी असण्याची शक्यता जास्त. गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी, टणक, खोलवर रुतलेली, दुखरी किंवा भराभर वाढणारी असेल तर सोनोग्राफी, एमआरआय आणि गरज पडल्यास बायॉप्सी करतात. कारण चरबीचा कर्करोग, लायपोसार्कोमा, क्वचित का होईना, असतो.

दुखते, कपड्याला घासते, नसेवर दाब येतो किंवा दिसायला नको वाटते, ही शस्त्रक्रियेची रास्त कारणे. छोट्या गाठीला तेवढाच भाग बधिर करण्याचे इंजेक्शन पुरते. सर्जन त्वचेच्या नैसर्गिक रेषांना धरून छेद घेतात, गाठ भोवतालच्या ऊतीपासून सोडवतात आणि दोन्ही बाजूंनी दाबतात. फिकट पिवळा, कप्प्याकप्प्यांचा गोळा छेदातून अलगद वर येतो. कधी कधी गाठीहून आखूड छेदातूनही. कपाळावरची गाठ अनेकदा स्नायूखाली दडलेली असते, तिथे हात जपून चालवावा लागतो. चरबी शोषून घेण्याच्या पद्धतीत व्रण लहान राहतो, पण आवरण किंवा तुकडा मागे उरला तर गाठ पुन्हा डोके वर काढू शकते. म्हणून अख्खी गाठ काढणेच अधिक भरवशाचे.

त्याच दिवशी घरी जाता येते. जखमेत रक्त किंवा पाणी साचणे, जंतुसंसर्ग, क्वचित नसेला इजा, हे संभाव्य त्रास. पाठीवरचे टाके १०-१४ दिवसांनी काढतात, चेहऱ्यावरचे त्याहून लवकर. काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला पाठवली की नाही, हे मात्र रुग्णाने आवर्जून विचारावे आणि अहवाल जपून ठेवावा.