विश्लेषण : नोकरी, तान्ही मुलगी आणि ऑलिम्पिक सुवर्ण... कोण होती कर्लिंगपटू सँड्रा श्मर्लर?

बर्फावरून सरकणारा दगड आणि त्याच्यापुढे झाडू घासत धावणारे खेळाडू... आपल्याला कर्लिंग दिसते ते हिवाळी ऑलिम्पिकपुरते. कॅनडात मात्र हा गावोगावी खेळला जाणारा खेळ आहे आणि सँड्रा श्मर्लर हे त्यातील मानाचे नाव. महिला कर्लिंगमधील पहिले ऑलिम्पिक सुवर्ण तिच्या संघाने १९९८ मध्ये जिंकले. त्यानंतर दोनच वर्षांत, वयाच्या ३६व्या वर्षी तिचे निधन झाले.

कर्लिंग कसे खेळतात?

संघात चार खेळाडू असतात. सुमारे २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकवत समोरच्या वर्तुळाच्या मध्यापर्यंत न्यायचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघ आठ-आठ दगड टाकतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आपले जितके दगड मध्याजवळ, तितके गुण. झाडूने घासल्यावर घर्षण कमी होऊन दगड अधिक लांब आणि सरळ जातो. डावपेच कर्णधार, म्हणजे ‘स्किप’ ठरवते. श्मर्लर स्किप होती.

कारकीर्द कशी घडली?

सस्कॅचवान प्रांतातील बिगर या छोट्या गावात १९६३ मध्ये तिचा जन्म झाला. रेजायना शहरातील एका क्रीडा-मनोरंजन केंद्रात ती नोकरी करत होती. नोकरी सांभाळून तिने जॅन बेटकर, जोन मॅकस्कर आणि मार्सिया गुडेराइट यांच्यासह १९९३, १९९४ आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय आणि जागतिक अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली.

तो गाजलेला दगड कोणता?

नोव्हेंबर १९९७, ब्रँडन. ऑलिम्पिक निवड स्पर्धेची अंतिम फेरी. मोठी मुलगी सारा तेव्हा जेमतेम काही आठवड्यांची. श्मर्लरने टाकलेला दगड बाजूच्या दगडावर आपटून आत वळला आणि त्याने मध्यातील प्रतिस्पर्ध्याचा दगड उडवला. एका फटक्यात तीन गुण! पुढे नागानोत डेन्मार्कला ७-५ असे हरवून कॅनडाने सुवर्ण जिंकले.

पुढे काय झाले?

१९९९ मध्ये दुसरी मुलगी झाली. त्याच वर्षी कर्करोगाचे निदान झाले. फेब्रुवारी २००० मध्ये ती कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत समालोचनासाठी आली, तेव्हा आजाराबद्दल मोकळेपणाने बोलली. सामना हरणे म्हणजे जगबुडी नव्हे, हे आता कळले, असे तिने सांगितले. २ मार्च २००० रोजी तिची प्राणज्योत मालवली. तिचे अंत्यविधी दूरचित्रवाणीवरून देशभर थेट दाखवण्यात आले.

तिच्या नावाने स्थापन झालेली संस्था आज अपुऱ्या दिवसांच्या आणि गंभीर आजारी नवजात बाळांसाठी रुग्णालयांना उपकरणे घेण्यास मदत करते. आणि रेजायनातील ज्या केंद्रात ती कामाला होती, त्याला आता तिचेच नाव आहे.