खोगीर चढवण्यापूर्वी

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले? या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर, 'न फिरवल्याने', हे आपण सर्वांनी शाळेतच ऐकले आहे. परंतु आमच्या घरची पहिली घोडी गेली ती मात्र फिरवण्याची घाई केल्यामुळे. तिचे ऋण थोडे तरी फेडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. यात्रेतला घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून घोडी ट्रकमधून येतात. माझ्या धाकट्या काकांनी, आम्ही त्यांना बापू म्हणतो, एका वर्षी तेथून वरातीसाठी पांढरी घोडी आणली. निम्मे पैसे उसने घेतलेले, आणि तिसऱ्याच दिवशीच्या लग्नाची सुपारीही स्वीकारलेली!

घोडी दारात येताच आईने तिला ओवाळले. आम्हा मुलांना तर काय करू नि काय नको असे झाले. कोणी गूळ भरवला, कोणी भिजवलेले हरभरे पाटीभर पुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळीच बापूंनी खोगीर घातले आणि ढोलाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून तिला गावभर फिरवले. रात्री ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, वळून वळून पोटाकडे पाहू लागली, बसू-उठू लागली. पशुवैद्य येईपर्यंत उशीर झाला होता. सकाळी ती उठलीच नाही.

आमच्या गावात एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी उभे आयुष्य मोतद्दार म्हणून काढले. ते बापूंना एवढेच म्हणाले, "बापू, घोडी विकत घेतलीस, पण ती तुझी व्हायची होती अजून." या वाक्याचा अर्थ मला पुढे त्यांच्याकडून, आमच्या पशुवैद्यांकडून आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांतून हळूहळू उलगडला.

प्रथम पोटाचा विचार करू. घोड्याचे शरीर एवढे थोरले, पण जठर मात्र आठ ते पंधरा लिटरचेच. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. चाऱ्यातले तंतू पचवण्याचे खरे काम पुढे मोठ्या आतड्यात राहणारे असंख्य सूक्ष्मजीव करतात. हे जीव रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात. चारा एकाएकी बदलला किंवा दाणा फार झाला की त्यांचा समतोल बिघडतो, वायू आणि आम्ल वाढते, आणि पोटशूळ उठतो. कधी खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन जनावर कायमचे लंगडे होते. आमचे प्रेमाचे हरभरे त्या घोडीला विषासारखे झाले ते असे.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो वयाचा किंवा चालीचा नव्हे, तर 'हिला रोज काय घालता, किती आणि केव्हा?' हा. शक्य तर तोच चारा आठवडाभर पुरेल इतका बरोबर आणावा. मग जुन्यात नवा मिसळत जावे: आधी चतुर्थांश, दोन-तीन दिवसांनी निम्मा, पुढे पाऊण, असे करून आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा. सुरुवातीला तोबऱ्यातली चंदी अगदी बेताची आणि कोरडा चारा भरपूर हे धोरण उत्तम.

पाण्याचेही तसेच. घोड्याला दिवसाला साधारण पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी लागते. प्रवासात ते पुरेसे मिळत नाही, आणि परक्या गावचे पाणी वास वेगळा लागला तर काही घोडी तोंडच लावत नाहीत. तेव्हा बादली मोजून भरावी आणि किती प्यायले ते पाहावे. लीद वेळेवर पडते का, याकडेही लक्ष हवे. तसेच ट्रकमध्ये मान उंच बांधून दूरचा प्रवास झाला असेल, तर छातीत संसर्ग होण्याची भीती असते. निरोगी घोड्याचे तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असते. पहिले काही दिवस ते सकाळ-संध्याकाळ मोजावे.

नव्या घोड्याला दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून अलग बांधावे. बाजारात शेकडो जनावरे एकत्र येतात, रोगही येतात. ग्लॅन्डर्ससारखा रोग तर माणसालाही होऊ शकतो. २००९ च्या पशुरोगविषयक केंद्रीय कायद्यात त्याचा समावेश आहे. पशुवैद्याकडून रक्ततपासणी, धनुर्वाताची लस, जंतावरचे औषध, दात आणि खूर यांची पाहणी हे सारे याच काळात उरकावे. बादली, खरारा, तोबरा वेगळा असावा. मात्र अलग म्हणजे एकाकी नव्हे. घोडा हा कळपातला प्राणी. दुसरा घोडा, निदान गाय-बैल तरी त्याला लांबून दिसला पाहिजे.

आता मनाचा विचार. आपण घोडी आणतो तेव्हा तिचे सोबती, ठाण, माणसे, ओळखीचे आवाज हे सर्व एका दिवसात मागे राहिलेले असते. नवी घोडी कधी अगदी गरीब वाटते. पण ती गरिबी पुष्कळदा थकव्याची आणि भीतीची असते. चार दिवसांनी भीती ओसरली की खरा स्वभाव दिसू लागतो, आणि लोक म्हणतात, 'फसवले!'

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जवळ जावे. पहिले दिवस एकाच माणसाने, ठराविक वेळी चारा-पाणी द्यावे आणि खरारा करावा. मग लगाम न घालता, दोरीने धरून अंगण, रस्ता, पाणवठा दाखवावा. ती बिचकली तर थांबावे, पाहू द्यावे. दुसऱ्या आठवड्यात कावा द्यावा, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवावे. खोगीर तिच्या पाठीला बसते की नाही ते तपासावे. मगच थोडा वेळ स्वार व्हावे.

ग्रीक लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की शिंगराला भूक, तहान आणि माश्यांचा त्रास हे एकटेपणाशी जोडलेले वाटावे, आणि अन्न, पाणी, आराम हे माणसाशी. मोतद्दाराने त्याला गर्दीतून हिंडवावे, आणि ते भ्याले तर रागावून नव्हे, गोंजारून समजवावे, असेही तो सांगतो. ते वाचताना मला आमच्या गावचे म्हातारे मोतद्दारच बोलत आहेत असे वाटले. त्यांनी झेनोफनचे नावही ऐकलेले नाही!

मित्रहो, आपल्यापैकी जे वसतिगृहात राहतात त्यांनी पहिला आठवडा आठवून पाहावा. मेसचे जेवण पचत नव्हते, झोप लागत नव्हती, आणि कोणी मोठ्याने हाक मारली तरी दचकायला होत होते. तेव्हा आपल्याला निदान घरी पत्र लिहिता येत होते, फोन करता येत होता. मुक्या जनावराला तेही नाही.

तीन वर्षांनी बापूंनी पुन्हा सारंगखेड्याहून घोडी आणली. या वेळी जुना चारा बरोबर आला, सुपारी एकही घेतली नाही. उसन्याचे तगादे चालूच होते, तरी बापू ढळले नाहीत. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि परक्या ठिकाणी तो दिवसेंदिवस आडवा होत नाही, हे त्यांना आता ठाऊक होते. रोज रात्री ते गोठ्याच्या दाराशी जाऊन पाहत. पाच रात्री ती उभीच होती.

सहाव्या रात्री बापूंनी मला हलवून उठवले आणि ओठांवर बोट ठेवून गोठ्याकडे नेले. चांदण्यात घोडी कडब्यावर अंग टाकून, मान पसरून निजली होती. बापू हळूच म्हणाले, "आता ही आपली झाली."

खोगीर त्यानंतर दहा दिवसांनी चढले.