अंगणातली झाडं आणि चार वाजताचं ऊन

बुलडाण्यात घर बांधलेल्या माझ्या मावसबहिणीला पश्चिमेच्या भिंतीलगत बहावा हवा होता. जागा रिकामी होती, एवढंच कारण. खड्डे खणायला आलेल्या माळीबुवांनी पहार भिंतीला टेकवली. "ताई, बहावा उनाकडं नका लावू. ऐन उन्हाळ्यात उघडा पडते तो."

त्यांचं खरं होतं. बहाव्याची पानं मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि त्या जवळजवळ उघड्या फांद्यांवर पिवळे घोस लोंबू लागतात. डोळ्यांना सुख, पण सावली नावापुरती. थंडीत कोवळं ऊन हवंसं वाटतं तेव्हा मात्र हे झाड पानांनी भरलेलं. पळस-पांगाऱ्याची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. ज्ञानगंगा अभयारण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पाहावा. फूल भरपूर, पण त्याखाली बसून डबा खायची सोय नाही.

मग आम्ही ऊन मोजलं. दुपारी चार वाजता अंगणात एक काठी रोवली आणि तिची सावली कुठे पडते ते पाहिलं. बुलडाणा कर्कवृत्ताच्या जेमतेम तीन अंश दक्षिणेला. मेच्या २२-२३ तारखेच्या सुमारास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मावळतो तो पश्चिमेच्या बराच उत्तरेला सरकून. म्हणजे उन्हाळ्यातली संध्याकाळची तिरीप वायव्येकडून घरात घुसते. डिसेंबरमध्ये हेच ऊन नैर्ऋत्येकडून येतं, आणि तेव्हा ते हवं असतं. दाट, सदाहरित झाड नैर्ऋत्येला लावणाऱ्यांची थंडी गारठ्यात जाते आणि मे महिना कुलरच्या भरवशावर.

पश्चिम-वायव्येला करंज ठरला. त्याची पानं गळतात, पण लगेच नवी पालवी फुटते आणि कडक ऊन सुरू होईपर्यंत छत्री तयार. फुलं फिकट जांभळी-पांढरी, लहान. खाली सडा पडतो. बहिणीला तो 'साधा' वाटला. बकुळही चालली असती, पण तिची वाढ इतकी संथ की लावणाऱ्याला सावली मिळायला फार वाट पाहावी लागते. दक्षिणेला पांढरा चाफा: थंडीत त्याची पानं झडतात, ऊन आत येतं, उन्हाळ्यात पुन्हा पानं येतात. चाफ्याची फांदी तोडून लगेच मातीत खोचू नये. चीक वाळेपर्यंत ती काही दिवस सावलीत पडू द्यायची, नाहीतर बूड कुजतं. देवळातलं झाड म्हणून काहीजण तो घरी लावत नाहीत. मला तरी ऐन थंडीत ऊन अडवणाऱ्या शोभेच्या झाडापेक्षा तो बरा वाटतो.

बहावा अखेर ईशान्येला, फाटकाजवळ गेला. रस्त्यावरून येणाऱ्याला दिसेल आणि त्याच्या सावलीवर कुणाचं काही अडणार नाही, अशा जागी. पारिजातक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, पण वाटेवर नाही. पहाटे गळलेली फुलं चपलांखाली चिकटतात.

गुलमोहरावर वाद झाला. मादागास्करहून आलेलं हे झाड झपाट्यानं वाढतं, पण मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडली तर तारेवर किंवा पत्र्यावर. त्याला मोकळी जागा लागते, आणि ती या अंगणात नव्हती. ताम्हण हे राज्यपुष्प, म्हणून ते हवं असा आग्रह धाकट्या भाच्याचा. ते ओलाव्याचं झाड. कोकणात ओढ्याकाठी सहज फुलतं. इथे टँकरच्या महिन्यांत ते जगवायचं कुणी?

बुलडाणा घाटावर, जमिनीत मुरूम, म्हणून तीन-तीन फुटांचे खड्डे मे महिन्यातच खणून ऊन खाऊ दिले. मग शेतातली माती, शेणखत आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड भरली. रोपं पहिला चांगला पाऊस पडल्यावर.

घाटाखाली हिशेब बदलतो. मलकापूर-नांदुऱ्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाजवळ मोठं झाड लावलं की ते भिंतीखालचा ओलावा ओढतं आणि भेग घरावर चढते. तिथे रोप उंचवट्यावर लावायचं, म्हणजे पावसाळ्यात बुडाशी पाणी साचत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, बोअरचं पाणीच खारट. नाजूक रोपांची पानं कडेनं करपतात. करंज आणि कडुनिंब मात्र तग धरतात. बहिणीच्या 'साध्या' झाडाला तिकडे फारसा पर्यायच नाही.