‘वय झालं’ म्हणून सोडू नका

गुडघा बदलल्यावर दुसऱ्या रात्री सासूबाई बरळू लागल्या, लेकीला ओळखेनात, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. एकदम गप्प, सुस्त झाल्या तरी तेच. काल बऱ्या होत्या, आज अशा, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय.

दवाखाना अंबाजोगाईचा असो की बीडचा, नर्सताई कारण शोधतात: लघवी तुंबली का? ताप, धाप, वेदना? साखर उतरली? नवं औषध सुरू झालं? पण सासूबाई एरवी कशा असतात, हे त्यांना ठाऊक नसतं. ते तुम्हीच सांगायचं. चष्मा, कानाचं यंत्र जवळ ठेवा.

घरी आल्यावर पोटरी सुजली, दुखली, तर चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच १०८ लावा.