दहावी पास, पण पासवर्ड दुकानदाराकडे

13 मे 2025 रोजी दहावीचा निकाल लागला. माझ्या वर्गातल्या एका मुलीला 84 टक्के मिळाले. वडील केळीच्या ट्रकवर हमाली करतात, आई घरी शिलाईकाम करते. त्या घरात दहावी पास होणारी ती पहिलीच. संध्याकाळी अम्मी पेढे घेऊन माझ्या घरी आली. मुलीला सायन्स घ्यायचे होते आणि तिला ते झेपले असते, हे मी गणिताच्या तासाला रोज पाहत होते.

त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश प्रथमच साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरती होती. आमच्या जळगाव-धुळ्याकडची मुले कॉलेजात जाऊन कागदी फॉर्म आणायची, भरून द्यायची आणि यादी लागली की पाहून यायची. आता पोर्टलवर नोंदणी करायची, पासवर्ड ठेवायचा, कागदपत्रे अपलोड करायची आणि एक ते दहा पसंतीक्रम द्यायचे. त्यातला एक नियम महत्त्वाचा होता. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर तिथेच प्रवेश घ्यावा लागे. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्या बंद.

वडील मुलीची गुणपत्रिका घेऊन ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात गेले. त्यांच्याकडे बटनांचा साधा फोन, तोही रिचार्ज संपलेला. दुकानदाराने स्वतःचाच नंबर टाकला. पासवर्ड त्यानेच ठरवला, पसंतीक्रमही त्यानेच भरले. मुलगी त्या वेळी घरी होती. पहिल्या फेरीची यादी लागली तेव्हा पहिल्या पसंतीचे म्हणून जे कॉलेज मिळाले, ते दुसऱ्या तालुक्यात निघाले. दोन बस बदलून जायचे. वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅडम, पोरीला रोज इतक्या लांब कसं पाठवू?" मुलगी एवढेच विचारत होती, "टीचर, आता बदलता येतं का?" ते बदलता येत नव्हते. नुसते काय भरले आहे ते पाहायचे म्हटले, तरी ओटीपी दुकानदाराच्या मोबाइलवर येणार आणि तो लग्नासाठी गावी गेलेला.

शेवटच्या फेऱ्यांत तिला घराजवळचे कॉलेज मिळाले. सायन्सच्या जागा तोवर भरल्या होत्या. आज ती आर्ट्सला आहे. हुशार आहे, तिथेही पुढे जाईल, इन्शाअल्लाह. पण तो निर्णय तिचा नव्हता.

मी दुकानदाराला दोष देत नाही. त्या दिवसांत तो दिवसाला किती फॉर्म भरतो, हे मी पाहिले आहे. दोष द्यायचा तर आधी आम्हा शिक्षकांना द्यावा लागेल. दहा वर्षे ती आमच्याकडे होती. आम्ही तिला बीजगणित शिकवले, भूमिती शिकवली, तीन भाषा शिकवल्या. स्वतःचे खाते उघडणे, पासवर्ड ठेवणे, भरलेला फॉर्म पाठवण्याआधी तपासणे हे मात्र शिकवले नाही. कारण दहावीच्या प्रमाणपत्रासाठी ते कोणी विचारत नाही.

गुणपत्रिकेवरची एक ओळ

काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवर 'माहिती संप्रेषण तंत्रज्ञान' अशी एक ओळ असे आणि समोर श्रेणी लिहिलेली असे. त्याचे पाठ्यपुस्तकही होते. आज त्या गुणपत्रिकेवर जलसुरक्षा, स्वविकास व कलारसास्वाद अशा विषयांच्या श्रेणी दिसतात. जलसुरक्षा हवीच, खान्देशात पाण्याची किंमत कोणाला सांगायला नको. पण संगणकाची ती ओळ होती तेव्हा तरी काय होते? बहुतेक ठिकाणी पुस्तकातून वाचून लिहायचा तो विषय होता. माऊसला हात न लावता मुलांना 'अ' श्रेणी मिळत होती. मीही अशा श्रेणी भरल्या आहेत, हे कबूल करते.

प्रयोगशाळा अजिबात नव्हत्या असे नाही. केंद्र सरकारची 'आयसीटी ॲट स्कूल' योजना डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली. तिच्यातून सरकारी आणि अनुदानित शाळांत संगणक आले. ते बसवायचे आणि शिकवणारा माणूस द्यायचा काम अनेक ठिकाणी पाच वर्षांच्या कराराने कंपन्यांकडे होते. करार संपला की शिक्षक गेला. शिक्षक गेला की खोलीला कुलूप लागले. कुलूप उघडले तेव्हा संगणक जुने झालेले होते. खान्देशातल्या कितीतरी शिक्षकांना ही कहाणी आपल्याच शाळेची वाटेल.

अकरावी-बारावीला संगणक आहे, पण निवडणाऱ्यांसाठी. सायन्सला 200 गुणांचा बायफोकल 'कॉम्प्युटर सायन्स' घेता येतो. तिन्ही शाखांना 'माहिती तंत्रज्ञान' हा ऐच्छिक विषय घेता येतो, त्याची बोर्डाची परीक्षाही ऑनलाइन होते. नववी-दहावीला निवडक शाळांत व्यवसाय विषय म्हणून आयटी आहे. म्हणजे ज्या शाळेत सोय आहे तिथल्या मुलांना तो मिळतो. ज्यांच्या घरीही संगणक नाही आणि शाळेतही नाही, त्यांना मिळत नाही.

अट आहे, पण शाळेबाहेर

आता दुसरी बाजू पाहू. 2001 मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी हा कोर्स घरोघरी पोहोचला. सरकारी कारकुनाच्या जागेसाठी हे किंवा त्याच्या बरोबरीचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे संगणक यायलाच हवा, हे सरकारला मान्य आहे. फक्त ते शिकवण्याचा खर्च शाळेने नव्हे, घराने करायचा. काही हजार रुपये फी असते. दोन मुलगे आणि दोन मुली असलेल्या घरात ती फी आधी कोणासाठी निघते, हे वाचक भगिनींना मी वेगळे सांगायला नको.

माझाच अनुभव सांगते. मी उर्दूतून शिकले. बी.एड. झाले तेव्हा संगणकाला हातही लावलेला नव्हता. नोकरीत लागल्यावर कळले की शासनाने कर्मचाऱ्यांना एमएस-सीआयटीसाठी 31 डिसेंबर 2007 ही मुदत दिली आहे, नाहीतर वेतनवाढ अडणार. मग धावपळ सुरू झाली. शाळा सुटल्यावर संध्याकाळी वर्गाला जायचे. माऊस धरताना हात थरथरायचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगा शिकवायचा. अट नसती तर मी शिकले नसते, हे खरे. पण अटीबरोबर मला मुदत मिळाली होती, घराजवळ वर्ग होता आणि फी भरायला पगार होता. अट आणि सोय दोन्ही मिळाल्या म्हणून मी शिकले. मुलांसाठीही हाच हिशोब लावायला हवा.

आधी शाळेवर अट, मग मुलांवर

दहावी पास होण्यासाठी संगणकाचे प्रात्यक्षिक सक्तीचे करा, असे मी शिक्षक सभेत म्हटले तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "ज्या शाळेत वीजच टिकत नाही, तिथल्या पोराला नापास करायचं का?" प्रश्न बरोबर होता. नुसती सक्ती आली तर शहरातला मुलगा सुटेल आणि वडजाई रोडवरची किंवा तांबापुऱ्यातली मुलगी अडकेल.

पण हा प्रश्न इतरांनी सोडवलेला आहे. केरळने 2001 मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू केला. आधी शाळांतल्याच गणित, विज्ञान, भाषेच्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले, शाळांत संगणक बसवले आणि मोफत सॉफ्टवेअर वापरले, म्हणजे परवान्यांचे पैसे वाचले. मग 2005 च्या सुमारास दहावीच्या परीक्षेत हा विषय आला, प्रात्यक्षिकासह. तिथे मल्याळम माध्यमातले सरकारी शाळेचे मूलही संगणकासमोर बसून परीक्षा देते. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने 2015 च्या कायद्याने आधी प्रत्येक हायस्कूलवर बंधन घातले की संगणकशास्त्राचा वर्ग असलाच पाहिजे. त्यानंतर सहा वर्षांनी, 2021 मध्ये, दुसरा कायदा करून 2022 पासून नववीत येणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळा पूर्ण करण्यासाठी तो विषय सक्तीचा केला. दोन्हीकडे क्रम एकच आहे. आधी शाळेला जबाबदार धरले, मग मुलाला.

आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे. पण धोरणातले वाक्य वेळापत्रकात येते ते परीक्षेच्या दाराने. जो विषय परीक्षेत नाही त्याचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. मीही दिला आहे. म्हणून मला अट हवी आहे: मुलाला नापास करण्यासाठी नाही, खोलीचे कुलूप उघडण्यासाठी. आठवीपासून आठवड्याला दोन तास, शाळेचा स्वतःचा प्रशिक्षित शिक्षक आणि दहावीला शाळेतच छोटे प्रात्यक्षिक. जमले नाही तर महिन्याने पुन्हा द्यावे, वर्ष वाया जाऊ नये. आणि प्रयोगशाळा चालू नसेल तर उत्तर मुलाने नाही, शाळेने द्यावे.

संगणक म्हणजे फक्त टायपिंग नाही

काही पालक म्हणतात, "मोबाइल तर पोरं आमच्यापेक्षा चांगला चालवतात." रील पाहणे वेगळे आणि काम करून घेणे वेगळे. संगणकशास्त्राचे मूळ आहे एखादे काम पायरीपायरीने मांडणे. त्याला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम केलेल्या गणितज्ञ अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. वर्गात हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात.

हे वीज नसतानाही शिकवता येते. मी वर्गात 1 ते 64 मधला एक आकडा मनात धरते आणि मुलींना फक्त 'हो-नाही'चे प्रश्न विचारायला सांगते. पहिल्यांदा त्या "सात आहे का? बारा आहे का?" असे विचारत सुटतात. मग एखादी विचारते, "32 पेक्षा मोठा आहे का?" अर्धे आकडे गळतात. मग 16, 8, 4, 2, 1. सहा प्रश्नांत उत्तर नक्की सापडते. संगणक क्रमाने लावलेल्या मोठ्या यादीत एखादे नाव असेच शोधतो. घरी जेवणानंतर मुलांबरोबर हा खेळ खेळून पाहा.

भाषेचा अडसरही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. एकेकाळी उर्दूसाठी इनपेजच घ्यावे लागे. आज युनिकोडमुळे साध्या मोबाइलवरही उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येतात. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा संगणक डिप्लोमाही अनेक केंद्रांवर चालतो. जवळ केंद्र आहे का, याची चौकशी करायला हरकत नाही.

पालकहो, तुमच्याशी दोन शब्द

आपल्यातले अनेक वडील म्हणतात, मुलीच्या हाती इंटरनेट नको, जमाना खराब आहे. त्यांची काळजी मी समजते, मलाही मुलगी आहे. पण जरा विचार करा. त्या फॉर्ममध्ये मुलीचा फोटो होता, आधार नंबर होता, जन्मतारीख, घरचा पत्ता होता. ते सगळे आपण एका अनोळखी दुकानात दिले आणि पासवर्डही तिथेच ठेवून आलो. मुलीला घरी बसवून तिची माहिती बाजारात ठेवली. तिला शिकवले असते तर ती आपल्या समोर, घरातच फॉर्म भरू शकली असती.

म्हणून या वर्षी एवढे करा. मुलाचा किंवा मुलीचा फॉर्म दुकानात भरायचा असला तरी त्यांना सोबत न्या. मोबाइल नंबर घरातलाच द्या आणि तो चालू ठेवा. पासवर्ड मुलांना स्वतः ठेवू द्या, वहीत लिहून घरी ठेवा. पाठवण्याआधी भरलेला फॉर्म वाचून घ्या, पसंतीक्रमाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारा, "हे कॉलेज कुठे आहे?" आणि पालक-शिक्षक सभेला या. आम्हाला विचारा, संगणकाची खोली आठवड्यातून किती वेळा उघडते? शिकवतो कोण? तुम्ही विचारले की आम्हाला वर विचारावे लागते.

त्या मुलीने आता आमच्या शाळेच्या खोलीत रविवारी यायला सुरुवात केली आहे. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली आहे, चालू असलेले चार संगणक आहेत. यंदा दहावीला असलेल्या सहा मुलींना ती ईमेल आणि पासवर्ड बनवायला शिकवते. पहिल्या दिवशी तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: "अपना फॉर्म खुद भरेंगे." मी ते अजून पुसू दिलेले नाही.