करारांची अदलाबदल

आयपीएलचा लिलाव सगळे पाहतात. 'ट्रेड' मात्र बंद दाराआड ठरतो. त्यात खेळाडू संघ बदलतो, पण हिशेबाच्या दृष्टीने हस्तांतर होते ते त्याच्या कराराचे. मानधनावर किती खर्च करायचा याची मर्यादा, म्हणजे 'पर्स', प्रत्येक संघाला ठरवून दिलेली असते. म्हणून महागडा करार दुसऱ्याच्या गळ्यात घातला की तेवढी पर्स मोकळी होते.

सुरुवातीचे व्यवहार सरळ होते. 2009 मध्ये श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरहून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बंगळूरला गेला. 2019 मध्ये राजस्थानने अजिंक्य रहाणे दिल्लीला देऊन मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया घेतले. यातला मार्कंडे काही महिन्यांपूर्वीच मुंबईकडून दिल्लीत आला होता. दिल्लीसाठी एकही सामना न खेळता तो पुढच्या सौद्यात खपलासुद्धा!

पर्सचे गणित खऱ्या अर्थाने दिसले ते नोव्हेंबर 2023 मध्ये. मुंबईला गुजरातकडून हार्दिक पंड्या हवा होता. त्याचा करार 15 कोटींचा. मुंबईने साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळूरला दिला आणि जागा केली. दोन्ही व्यवहारांत बदल्यात खेळाडू नव्हता, फक्त पैसा होता.

हा खेळ अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये, एनबीएत, फार पुढे गेला आहे. तिथे बहुतेक करारांची रक्कम हमीची असते. खेळाडूला काढून टाकले तरी पैसे द्यावे लागतात आणि ते मर्यादेतही धरले जातात. मर्यादेच्या वर गेलेल्या संघांना देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंची मानधने साधारण जुळवावी लागतात. त्यामुळे लवकर संपणारा करार, खेळाडू कसाही असो, मोलाचा ठरतो. 2008 मध्ये जेसन किडला मिळवण्यासाठी डॅलसने कीथ व्हॅन हॉर्नशी नवा करार केला आणि त्याला न्यू जर्सीला पाठवले. व्हॅन हॉर्न 2006 पासून खेळतच नव्हता. त्याची गरज होती ती फक्त आकडे जुळवायला.

आयपीएलमध्ये अशी कसरत सहसा लागत नाही, कारण हंगामानंतर खेळाडूला मोकळे केले की त्याची रक्कम पर्समध्ये परत येते. त्याची किंमत खेळाडू मोजतो.  तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला 2022 मध्ये चेन्नईने दीड कोटीला घेतले. पुढच्या मोठ्या लिलावात लखनौने त्याला 30 लाखांत घेतले.

एका बाबतीत आयपीएलचा खेळाडू एनबीएतल्या बहुतेकांपेक्षा वरचढ आहे: त्याच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही. मात्र परस्पर बोलणी करायला त्याला मनाई आहे. दुसऱ्या संघाशी अशी बोलणी केल्याबद्दल रवींद्र जडेजाला 2010 च्या संपूर्ण हंगामाला मुकावे लागले. तोच जडेजा नोव्हेंबर 2025 मध्ये रीतसर ट्रेडने चेन्नईहून राजस्थानला गेला, संजू सॅमसन चेन्नईत आला. जडेजाचे मानधन त्या सौद्यात 18 कोटींवरून 14 कोटींवर आले.